फाटा, अपत्य आणि अखेरचा निरोप

मुदखेड जंक्शनवर मनमाड-सिकंदराबाद मार्गातून आदिलाबादचा फाटा फुटतो. दुरुस्तीसाठी मार्ग बंद करायचा झाला, की आधी नव्या गाड्यांना मज्जाव होतो. वाटेतली गाडी सुखरूप पोचते आणि मगच रुळांना हात लागतो. सर्व्हर बंद करण्याची रीतही आम्हांला याच जातीची वाटते.

संगणकाच्या कामाला असा फाटा फोडण्याची, म्हणजे 'फोर्क'ची, कल्पना मेल्विन कॉनवे यांनी १९६३ साली मांडली. १९६९ साली केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी आरंभलेल्या युनिक्समध्ये ती रुजली. तेथे मूळ प्रक्रिया जनक ठरली आणि तिची प्रतिकृती अपत्य.

नात्यांची ही भाषा मृत्यूपर्यंत पोचली. आपल्याकडे आईबापांचे क्रियाकर्म अपत्य करते. येथे क्रम उलटा. संपलेल्या अपत्याचा अखेरचा निरोप जनकाने 'वेट' या आज्ञेने स्वीकारायचा असतो. तोवर त्या अपत्याची नोंद मिटत नाही. त्याला 'झाँबी' म्हणतात. जनकच आधी गेला, तर पोरक्या अपत्याला सहसा पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया, 'इनिट', दत्तक घेते.

म्हणून नीट रचलेला सर्व्हर १५ क्रमांकाचा थांबण्याचा इशारा मिळताच नवी कामे नाकारतो, अपत्यांना हातातली कामे उरकू देतो, त्यांचे निरोप घेतो आणि शेवटी स्वतः थांबतो. ९ क्रमांकाचा इशारा ही सवड देत नाही. जनक तत्क्षणी संपतो. अपत्ये मात्र मागे चालत राहू शकतात.

शब्द घरातून उसने घेतले, तसे घराचे कर्तव्यही त्यांच्यामागून आले, असे आम्हांला वाटते.