श्वासाचे दफ्तर

पवनेच्या तीरावरील चिंचवड हे गाव मोरया गोसावींच्या समाधीमुळे आणि तेथील देवसंस्थानामुळे ज्यांना परिचित आहे, त्यांना हेही ठाऊक असते की या संस्थानाला मिळालेल्या सनदा, इनामपत्रे आणि ताकीदपत्रे यांचा संग्रह मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना पिढ्यान्‌पिढ्या उपयोगी पडत आला. तेथून उत्तरेस थोड्याच कोसांवर चाकणचा कसबा. 1660 मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाच्या सैन्यापुढे जवळजवळ दोन महिने झुंजविलेला संग्रामदुर्ग आणि पुढील काळात कांद्याच्या बाजारपेठेने मिळविलेला लौकिक यांमुळे त्याचेही नाव इतिहासात व व्यापारात रुजलेले आहे. जमीन, महसूल, जकात आणि लढाई यांची नोंद या प्रदेशाने उत्तम राखली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे यंत्रयुग अवतरले, तेव्हा उत्पादन, निर्यात आणि नफा यांची नोंदही तितक्याच दक्षतेने झाली. परंतु ज्या माणसांनी हे उत्पादन घडविले त्यांच्या फुप्फुसांत काय साठत गेले, याची सलग नोंद कोठेही झाली नाही. फुप्फुसाला व्रण पाडणाऱ्या रोगांचे वैद्यकीय संशोधन आज जेथे येऊन ठेपले आहे तेथून मागे पाहिले म्हणजे ही उणीव विशेष जाणवते; कारण व्रण पुसणारे औषध अद्याप हाती आलेले नसताना, तो कशाने पडला हे सांगणारी नोंद हाच उपचाराचा पहिला आधार ठरतो.

या पट्ट्याचा उद्योगाशी संबंध स्वातंत्र्यानंतरच जडला असे मानण्याची प्रथा असली, तरी तिला एक ठळक अपवाद आहे. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून वर्षाकाठी एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून, लोकमान्य टिळकांच्या पाठिंब्याने, 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना सुरू झाला आणि परदेशी विद्या घेऊन आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तेथे स्वदेशी काचेचे शिक्षण व उत्पादन यांचा पाया घातला. काचेचा मूळ पदार्थ वाळू, म्हणजे सिलिका. पुढे अर्धशतकानंतर हीच सिलिका साच्यांच्या वाळूच्या रूपाने चिंचवड-भोसरीच्या ओतशाळांत येणार होती.

त्याआधी मात्र पिंपरीत एक असा कारखाना उभा राहिला की ज्याचे प्रयोजनच रोगनिवारण हे होते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने भारत सरकारने 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही कंपनी स्थापन केली; पुढच्याच वर्षी येथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले आणि कालांतराने स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले. क्षयरोगाने घरटी माणूस खाल्ला जात असलेल्या त्या काळात स्ट्रेप्टोमायसिन या औषधाचे महत्त्व केवढे होते, याची कल्पना आजच्या पिढीला सहज येणार नाही. 1943 मध्ये अमेरिकेत शोधलेल्या या औषधाची ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने घेतलेली कसोटी 1948 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत 55 रुग्णांना विश्रांतीबरोबर औषध आणि 52 रुग्णांना केवळ विश्रांती अशी विभागणी वैद्याच्या मर्जीवर न सोडता यदृच्छेवर सोपविण्यात आली होती. सहा महिन्यांत पहिल्या गटात 4 आणि दुसऱ्या गटात 14 रुग्ण दगावले. वैद्यकातील अनुभवाला गणिताची शिस्त लावणारी ही कसोटी पुढील सर्व चिकित्सा-संशोधनाचा आदर्श ठरली, आणि तिने ज्याची योग्यता सिद्ध केली ते औषध पिंपरीच्या माळावर तयार होऊ लागले. क्षयाचे जंतू मेले तरी बऱ्या झालेल्या फुप्फुसात तंतुमय व्रण उरतो, ही गोष्ट त्या काळच्या क्ष-किरण चित्रांत डॉक्टरांना नित्य दिसत असे; पण जीव वाचल्याच्या समाधानापुढे त्या व्रणाची गणना कोण करणार?

1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्यानंतर या भागाचे रूप इतक्या वेगाने पालटले की जुन्या सातबाऱ्यांवरची नावे बदलण्यास तलाठ्यांना उसंत मिळाली नसेल. आकुर्डीला बजाज, पिंपरी-चिंचवडला टेल्को, दापोडीला सँडविक आणि भोसरीच्या वसाहतीत त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. 1970 मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली. 1982 मध्ये तिची महानगरपालिका झाली. आणि शतक सरताना उद्योगाचा ओघ चाकणकडे वळला. मराठवाडा, खानदेश, विदर्भ, कोकण येथून, आणि पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधूनही, माणसे या पट्ट्यात आली. वाहन म्हटले की इंजिनाचा ठोकळा आला, ठोकळा म्हटला की ओतकाम आले आणि ओतकाम म्हटले की वाळू आली.

ओतशाळेतील कामाचा क्रम पाहिला म्हणजे धुळीचे उगमस्थान आपोआप ध्यानी येते. वाळूचा साचा आणि कोअर तयार करणे, त्यात वितळलेला धातू ओतणे, थंड झाल्यावर साचा फोडून ओतीव वस्तू बाहेर काढणे, ग्राइंडरने तिच्या कडा साफ करण्याचे काम, ज्याला कामगार फेटलिंग म्हणतात, आणि भट्टीचे जुने अस्तर तोडून सिलिकेच्या भुकटीने नवे ठोकून बसविणे, या प्रत्येक टप्प्यावर वाळूचे कण फुटतात. डोळ्यांना दिसणारी धूळ बहुधा नाकाघशातच अडते. खरा अपाय करतात ते पाच-सहा मायक्रॉनांहून लहान, डोळ्यांना न दिसणारे कण, जे थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे शरीराच्या भक्षक पेशी त्यांना गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या स्वतः मरतात, कण पुन्हा मोकळे होतात, नव्या पेशी त्यांना गिळतात, आणि या अखंड चक्रातून निर्माण होणाऱ्या दाहाच्या संदेशांनी तंतुपेशी जागृत होऊन कोलॅजेनचे थर रचू लागतात. हाच सिलिकोसिस. भक्षक पेशी दुबळ्या झाल्यामुळे अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज शिरकाव करतात. ज्या नगरीने क्षयाचे औषध घडविले तिच्याच ओतशाळांतील धूळ क्षयाला वाट करून देऊ शकते, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात ठळक अक्षरांनी लिहिली पाहिजे.

हे अज्ञानामुळे घडले असे म्हणण्यास जागा नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणींतील कामगारांच्या तपासणीने 1940 च्या दशकातच या रोगाचे भारतातील भीषण प्रमाण दाखवून दिले होते. ओतीव वस्तू वाळूच्या झोताने साफ करण्यास ब्रिटनने 1949 मध्ये बंदी घातली. आपल्याकडील 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगांचा समावेश होता. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस व ॲस्बेस्टोसिस यांची नावे होती, आणि असा रुग्ण आढळल्यास मुख्य कारखाना निरीक्षकास कळविणे डॉक्टरवर बंधनकारक केलेले होते. कायदा होता, अंमल कच्चा राहिला. याचे एक कारण रोगाच्या स्वभावात आहे: सिलिकोसिसची लक्षणे बहुधा दहा-वीस वर्षांनी दिसू लागतात, तोवर कामगार कंत्राटदार बदलून किंवा काम सोडून गावी परतलेला असतो. दुसरे कारण निदानात आहे: खोकला, वजनातील घट आणि क्ष-किरण चित्रातील ठिपके पाहून क्षय ठरविण्याचा शिरस्ता इतका रुजलेला होता की रुग्णाचा धंदा विचारल्यावाचून औषधाची चिठ्ठी लिहिली जाई. 1700 मध्ये इटलीतील बेर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कामगारांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथात वैद्यांना बजावले होते की रुग्णाला इतर प्रश्नांबरोबर त्याचा व्यवसाय कोणता, हे अवश्य विचारावे. त्या उपदेशाचे पालन झाले असते तर आपल्या दफ्तरातील कितीतरी नोंदी वेगळ्या झाल्या असत्या.

धुळीवाचूनही, कारण न उमगता, फुप्फुसाला व्रण पडत जातो हे वैद्यकाला तुलनेने उशिरा कळले. बाल्टिमोर येथील हॅमन आणि रिच यांनी 1944 मध्ये अशा चार रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले; त्यानंतरची अनेक दशके दाह शमविला की व्रण थांबेल या गृहीतावर स्टिरॉइडचा उपचार चालत राहिला. या गृहीताची अखेर झाली तीही 1948 च्या स्ट्रेप्टोमायसिन-कसोटीच्याच पद्धतीने. प्रेडनिसोन, ॲझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन या त्रयीची अज्ञातकारण फुप्फुसतंतुतेच्या रुग्णांवर अमेरिकेत घेतलेली कसोटी मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत 8 आणि निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत केवळ 1 मृत्यू झाल्याचे आढळले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाने, वर्षानुवर्षे सद्‌हेतूने दिलेले औषध अपायकारक ठरू शकते, हे निर्विवाद दाखविले. 2014 मध्ये पिरफेनिडोन व निन्टेडॅनिब यांच्या 52 आठवड्यांच्या कसोट्यांचे फलित प्रसिद्ध झाले: एका कसोटीत निन्टेडॅनिब घेणाऱ्यांची श्वासक्षमता वर्षात सुमारे 115 मिलिलिटरने घटली, न घेणाऱ्यांची सुमारे 240 ने. पिरफेनिडोन भारतात त्यापूर्वीच, 2010 मध्ये, सिप्लाने आणले होते. ही औषधे तंतुतेची गती मंद करतात. एकदा रचला गेलेला व्रण त्यांच्याने विरघळत नाही.

भारतापुरते पाहता या संशोधनाचा सर्वात उद्बोधक भाग औषधाचा नसून नोंदीचा आहे. देशातील 19 शहरांतील 27 केंद्रांतून अशा फुप्फुसरोगांच्या 1084 रुग्णांची पद्धतशीर नोंद करणारी पटसूची 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. पाश्चात्य देशांत अज्ञातकारण तंतुता अग्रस्थानी असताना येथे ती 13.7 टक्केच निघाली, आणि 47.3 टक्के रुग्णांत श्वासावाटे गेलेल्या बाह्य द्रव्यांच्या अतिसंवेदनेने होणारा रोग आढळला. त्यांतील जवळजवळ निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी असल्याचे प्रत्येकास सविस्तर प्रश्न विचारल्यामुळेच उमगले. यंत्रशाळांनाही या प्रकारचा धोका आहे: 2003-04 च्या सुमारास बर्मिंगहॅममधील लाँगब्रिजच्या इंजिन कारखान्यात, धातू कापताना वापरल्या जाणाऱ्या कूलंटच्या दूषित तुषारांमुळे अनेक कामगारांना असाच फुप्फुसरोग झाला. भोसरी-चाकणच्या लेथांवर आणि सीएनसी यंत्रांवर तेच कूलंट दिवसरात्र वाहत असते. तेथील कामगार दमा समजून इनहेलर घेत असेल, तर सुटीच्या दिवशी त्याला बरे वाटते काय, हा साधा प्रश्न त्याच्या निदानाची दिशा बदलू शकतो; कारण हा रोग वेळीच ओळखून संपर्कस्थान सोडले तर व्रण पडण्याआधीच थांबू शकतो.

आज या नगरीत साधनांची वाण नाही. महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, मोहननगरला राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे, डॉ. डी. वाय. पाटील यांच्या नावाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात फुप्फुस प्रत्यारोपणही होऊ लागले आहे. तथापि प्रत्यारोपण लाभते ते मोजक्यांना, तंतुतारोधक औषध परवडते ते त्याहून थोड्या अधिकांना; आणि सिलिकोसिसवर तर गुणकारी ठरलेले औषध अद्याप नाही. म्हणून ओतशाळेत वाळू ओली ठेवणे, धूळ उगमापाशीच शोषून घेणे, हवेतील सिलिकेचे नियमित मापन करणे आणि कंत्राटी कामगाराची कायम कामगाराइतकीच तपासणी करणे, या गोष्टी उपचाराच्या पूर्वतयारीत न मोडता उपचारातच मोडतात. त्यांच्या जोडीला एका गोष्टीची नितांत आवश्यकता आहे: प्रत्येक केसपेपरवर रुग्णाने कोणत्या कारखान्यात, कोणत्या खात्यात, किती वर्षे आणि कशा धुळीत काम केले, हा रकाना असावा, तो भरल्यावाचून कागद पुढे सरकू नये, आणि कामगार मालक बदलो वा गाव, त्याचा हा दाखला त्याच्यासोबत राहावा. इनामाच्या जमिनीचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या या प्रदेशाला कामगाराच्या श्वासाचा हिशेब ठेवणे अशक्य नाही. तो ठेवण्याची जबाबदारी कारखानदार, सरकार आणि वैद्य या तिघांची आहे, आणि ती पुढील पिढीवर ढकलण्याचा अधिकार त्यांपैकी कोणालाही नाही.