काचेवरचे चित्र, पडद्यावरचे वाक्य

चर्चासत्रांतले एक दृश्य आता नेहमीचे झाले आहे. दिवे मंदावतात, पडद्यावर मजकुराने गच्च भरलेली स्लाइड उमटते आणि वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून ती वाचू लागतो. मागच्या रांगेला अक्षरे दिसत नाहीत; पुढच्या रांगेचे वाचून आधीच संपलेले असते. अशा वेळी मला कल्याणच्या पटवर्धनांची आठवण होते.

महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' या नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले. (शंबर हा मायावी असुर, नावाचा भारदस्तपणा त्याचा.) काचेवर हाताने रंगवलेले पुराणकथांतले प्रसंग पडद्यावर मोठे होऊन येत आणि त्यांना निवेदनाची व गाण्यांची साथ असे. दाखवायचे ते काचेवर, सांगायचे ते माणसाच्या तोंडी, अशी ही स्वच्छ वाटणी होती.

ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काळात ती ढिली झाली होतीच. १९८७ मध्ये पॉवरपॉइंट आले आणि ती मोडणे फारच सोपे झाले. सांगायचे तेही पडद्यावर चढले. पण सलग वाक्यांत नव्हे, मुद्दे आणि उपमुद्दे यांच्या उतरंडीत.

ही उतरंड निरुपद्रवी नसते. जानेवारी २००३ मध्ये कोलंबिया यानाच्या उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान अंतराळात असतानाच अभियंत्यांनी नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइड मांडल्या. त्यांतल्या एकीचा मथळा धीर देणारा होता. मात्र जुन्या चाचण्यांतला तुकडा ३ घन इंचांचा, तर प्रत्यक्षातला अंदाजे १,९२० घन इंचांचा, म्हणजे ६४० पट मोठा, ही गोष्ट त्याच स्लाइडच्या तळाशी, उतरंडीच्या अखेरच्या पायरीवर पडून होती. एडवर्ड टफ्टी यांनी या स्लाइडचे केलेले वाचन आपल्या साहित्याच्या वर्गात शोभावे असे आहे. 'सिग्निफिकंट' हा शब्द आणि त्याचे क्रियाविशेषण मिळून तेथे पाच वेळा येतात, आणि अर्थ मात्र सरकत राहतो. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर यान फुटले. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. चौकशी मंडळाने त्याच वर्षीच्या ऑगस्टमधील अहवालात हे विश्लेषण घेतले. अपघाताची कारणे अनेक होती, त्याचे खापर एका स्लाइडवर फोडणे अन्यायाचे होईल. पण विशेषणांचा सैल वापर ही केवळ शैलीची बाब आहे, असे म्हणण्याचे धाडस त्यानंतर मला झालेले नाही.

वर्गात मी आता एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेवतो. कधी पोथीच्या पानाचे छायाचित्र, कधी मोठ्या ठशात एकच ओवी. कधी नुसता आवाज, आणि तेव्हा पडदा कोरा. तास सुरू होण्याआधी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो आणि काना, मात्रा, अनुस्वार दिसतात का ते पाहतो. बऱ्याचदा अनुस्वार दिसत नाही.