मेमरीतील ‘डर्टी’ पानांची नोंद : कर्नलचे कार्य आणि बंगळुरूचा वाटा

बंगळुरू : संगणकावर फाइल जतन झाल्याचा संदेश दिसला, तरी मजकूर त्याच क्षणी डिस्कवर पोहोचलेला असतोच असे नाही. बहुधा तो काही काळ मेमरीतच राहतो. तेवढ्यात वीज गेल्यास तो नष्ट होऊ शकतो. या मधल्या काळाचा हिशेब कार्यप्रणालीचा गाभा असलेले कर्नल ठेवते.

कर्नल मेमरीची विभागणी ‘पानां’मध्ये करते. बहुतेक संगणकांत एक पान ४,०९६ बाइटचे असते. पानातील मजकूर बदलला, पण डिस्कवरील प्रत जुनीच राहिली, तर त्यास ‘डर्टी पेज’ म्हणतात. इंटेल व एएमडीच्या प्रोसेसरमध्ये पानावर लिहिताच त्याच्या नोंदीतील एक खूणबिट आपोआप बदलतो. लिनक्सच्या २.६.१९ या २००६ मधील आवृत्तीपासून फाइलशी जोडलेली सामायिक पाने आधी केवळ वाचनासाठी खुली ठेवली जातात. त्यांवर प्रथम लिहिले जाताच प्रोसेसर कर्नलला सूचित करतो आणि बदलाची नोंद होते.

लिनक्सच्या मूळ मांडणीनुसार दर ५ सेकंदांनी तपासणी होऊन ३० सेकंदांहून जुने बदल डिस्कवर उतरवले जातात. अशी पाने उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांवर गेल्यास हे काम पार्श्वभूमीवर लगेच सुरू होते. प्रमाण २० टक्क्यांकडे जाऊ लागल्यास लिहिणाऱ्या प्रोग्रामलाच थांबवून धरले जाते.

प्रोग्रामच्या प्रत्येक गटाला मेमरीची स्वतंत्र मर्यादा घालणारी यंत्रणा एप्रिल २००८ मध्ये २.६.२५ या आवृत्तीत समाविष्ट झाली. आयबीएमच्या बंगळुरूतील लिनक्स तंत्रज्ञान केंद्राचे बलबीर सिंग हे तिच्या प्रमुख रचनाकारांपैकी एक होत. आजची कंटेनर प्रणाली तिच्यावर उभी आहे. मात्र डिस्कवर लिहिण्याचा वेग आवरताना गटागटाच्या डर्टी पानांचा वेगळा विचार होत नसे. त्यामुळे एका गटाच्या प्रचंड लेखनाचा फटका इतरांना बसे. २०१५ मधील ४.२ आवृत्तीपासून ही उणीव दूर होऊ लागली.

डेटाबेससारखे प्रोग्राम ‘एफसिंक’ ही आज्ञा देऊन मजकूर डिस्कवर पोहोचल्याची खात्री करून घेतात. परंतु डिस्कवरील लेखन फसले तरी लिनक्स पानावरील ‘डर्टी’ खूण पुसू शकते, ही बाब २०१८ मध्ये पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकासकांच्या निदर्शनास आली. अशा वेळी एफसिंक पुन्हा दिल्यास ती यशस्वी ठरते, मजकूर मात्र जतन झालेला नसतो. त्यामुळे २०१९ पासून एफसिंक अपयशी ठरताच पोस्टग्रेस काम थांबवते आणि आपल्या नोंदवहीतून माहिती पुन्हा उभारते.