एका पाळीत किती वार?

गिरणगावाच्या इतिहासात मोर्चे, संप, पुढारी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र नेहमी कुतूहल वाटत आले ते एका साध्या हिशेबाचे : एका पाळीत एक साचा किती कापड काढतो?

कागदावर हे गणित चौथीच्या मुलालाही जमेल. समजा, साचा मिनिटाला १८० वेळा धोटा फेकतो आणि कापडात इंचाला ६० आडवे धागे हवेत. म्हणजे मिनिटाला तीन इंच, तासाला पाच वार. १९२० नंतर मुंबईच्या गिरण्यांत दिवस दहा तासांचा झाला होता. तेव्हा दिवसाला पन्नास वार!

पण पन्नास वार कधीच निघत नाहीत. उभा धागा तुटला की साचा थांबवून गाठ मारायची. कांडी संपली की नवी घालायची. कापूस हलका असला, हवा कोरडी असली तर धागे जास्तच तुटतात. शंभरातली वीस मिनिटे अशी गेली तर चाळीस वार हाती येतात. ही वीस मिनिटे कोणाच्या खात्यावर मांडायची, हा खरा वाद. विणकराची मजुरी कापडावर ठरे. कापूस हलका, तरी पगार कापला जाई त्याचाच.

१९२८ च्या सुमारास ससून गटाच्या गिरण्यांत दोनऐवजी तीन साचे एका विणकराकडे देण्याची योजना आली. दोन साच्यांचे ऐंशी वार, मग तीनांचे एकशेवीस, असे वरवर वाटते. पण माणूस एका साच्यावर गाठ मारीत असताना दुसरा थांबला तर तो तसाच उभा राहणार. साचे वाढले की प्रत्येक साच्याचे काम घटते. समजा, ते चाळीसवरून पस्तीसवर आले, तर तीनांचे एकशेपाच. विणकराचे कष्ट दीडपट, कापड दीडपट नाही. आणि नऊशे साच्यांच्या खात्यात साडेचारशे विणकरांच्या जागी तीनशे पुरतात. उरलेले दीडशे कुठे जाणार? हे आकडे मी समजण्यापुरते घेतले आहेत, पण त्या वेळी चाळीचाळीतून हाच हिशेब चालला असणार. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८, जवळजवळ सहा महिने, सुमारे दीड लाख कामगार संपावर होते. त्यानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीसमोर दर, साचे, तास यांची कीस पाडून चर्चा झाली.

या गणितात एक जागा मात्र मालकांच्या आणि संघटनांच्याही वह्यांत फारशी दिसत नव्हती. कांडी बदलताना धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. वेळ वाचवण्याची ही युक्ती. पण उष्टा धोटा नको म्हणून साचाखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेशच नव्हता. विणकाम हे चांगल्या मजुरीचे काम, आणि त्याचेच दार बंद! दोन साचे की तीन, हा प्रश्नच त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावले की, हा हक्क मागण्यांत घालणार नसाल तर आपल्या लोकांना संपात राहू नका असे मी सांगेन. तेव्हा कुठे, काहीशा नाखुशीनेच, ती मागणी यादीत आली.