चंद्रमणी कोणाचा? ‘द मूनस्टोन’चे पुनर्वाचन

मुंबई-नागपूर लोहमार्गावर बडनेरा सोडल्यानंतर धामणगावच्या अलीकडे चांदूर रेल्वे हे तालुक्याचे गाव लागते. अमरावती जिल्ह्यातीलच चांदूर बाजारहून वेगळे ओळखता यावे, म्हणून त्याच्या नावाला ‘रेल्वे’ जोडले गेले. हा लोहमार्ग १८६७ साली नागपूरला पोहोचला आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये विल्की कॉलिन्स यांची ‘द मूनस्टोन’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु कादंबरीतील गुन्ह्याचे मूळ ज्या कालखंडात आहे, तो वऱ्हाडच्या इतिहासालाही कलाटणी देणारा होता.

चार्ल्स डिकन्स यांच्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात ही कथा जानेवारी ते ऑगस्ट १८६८ या काळात क्रमशः आली. एडगर ॲलन पो यांनी १८४१ मध्येच रहस्यकथेचा पाया घातला होता. मात्र त्या लघुकथा होत्या. ‘द मूनस्टोन’ला टी. एस. एलियट यांनी इंग्रजीतील पहिली आणि सर्वश्रेष्ठ गुप्तहेर कादंबरी मानले.

रेचल व्हेरिंडर या तरुणीला अठराव्या वाढदिवशी, २१ जून १८४८ रोजी, मामाच्या मृत्युपत्रानुसार एक हिरा मिळतो आणि त्याच रात्री तो नाहीसा होतो. स्थानिक पोलीस अधिकारी चौकशीचा विचका करतो. मग गुलाबांचा शौकीन सार्जंट कफ लंडनहून येतो. दाराच्या ओल्या रंगावर उमटलेला पुसट डाग आणि एक हरवलेला झगा यांवरून तो तपासाचे धागे जुळवू लागतो. इंग्लंडमध्ये १८६० साली गाजलेल्या रोड हिल खून प्रकरणात जोनाथन व्हिचर या अधिकाऱ्याने हरवलेल्या झग्यावरच भर दिला होता. कफचे पात्र त्याच्यावर बेतलेले मानले जाते. कथा अनेक निवेदक सांगतात. प्रत्येकाने स्वतः पाहिले तेवढेच लिहायचे, असा दंडक असल्याने वाचकालाच साक्षी पारखाव्या लागतात. हिरा कोणी नेला, हे येथे सांगून नव्या वाचकाचा आनंद हिरावून घेणे योग्य नव्हे.

तथापि, कादंबरीतील पहिली चोरी इंग्लंडमध्ये होतच नाही. प्रारंभीच्या प्रकरणात १७९९ साली श्रीरंगपट्टण पडते आणि जॉन हर्नकॅसल हा इंग्रज अधिकारी तीन रक्षकांचे रक्त सांडून हिरा लुटतो. मूळ हिरा सोमनाथच्या चंद्रदेवतेचा, अशी कॉलिन्स यांची कल्पना. या मोहिमेत प्रत्यक्षात असलेल्या आर्थर वेलस्लीकडे नंतर त्या शहराचा कारभार आला. त्याच वेलस्लीच्या फौजेने १५ डिसेंबर १८०३ रोजी मेळघाटातील गाविलगड जिंकला आणि दोनच दिवसांनी नागपूरकर भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. त्यामुळे वऱ्हाडातील वाचकाला ते प्रकरण परके वाटू नये.

महाराष्ट्राला तर याहूनही जवळचे उदाहरण आहे. त्र्यंबकेश्वरच्या मंदिराशी नाते सांगितला जाणारा ‘नासक’ हिरा १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांच्या हाती लागला आणि लंडनच्या बाजारात विकला गेला. कॉलिन्स यांनी प्रस्तावनेत कोहिनूर आणि रशियाच्या राजदंडातील हिरा यांचा उल्लेख केला आहे, नासकचा नाही. पण कथेची जातकुळी तीच.

हिऱ्याच्या मागावर इंग्लंडात आलेले तीन ब्राह्मण घरातील मंडळींना प्रथम संशयित वाटतात. समुद्र ओलांडून जात गमावण्याचा त्याग त्यांनी कर्तव्यासाठी केलेला असतो. त्यांच्या चित्रणात गूढ पौर्वात्याचा तत्कालीन साचा आहेच, आणि ते खुनापर्यंतही जातात. तरीही १८५७ च्या उठावानंतर अवघ्या अकरा वर्षांनी, इंग्लंडमध्ये हिंदी माणसाविषयी रोष धगधगत असताना, कॉलिन्स यांनी त्यांची निष्ठा आदराने रंगविली, हे विशेष.

मराठीत बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून असंख्य वाचक घडविले. धनंजय, झुंजार आणि काळापहाड यांच्यावर वाढलेल्या वाचकाला ‘चोर कोण?’ हा प्रश्न नवा नाही. ‘द मूनस्टोन’ त्याच्याही आधीचा प्रश्न पुढे ठेवते: वस्तू मुळात कोणाची? संग्रहालयांतील वस्तू परत करण्याविषयी आज जगभर वाद चालू असताना दीडशे वर्षांपूर्वीची ही रहस्यकथा पुन्हा वाचण्यास एवढे कारण पुरेसे आहे.