मटणावरचा दोनशे वर्षांचा आरोप

मांस खाल्ल्याने कर्करोग होतो, हा आरोप कर्करोग म्हणजे काय हे कळण्याआधीपासूनचा आहे. सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हा सिद्धांतही अजून मांडला गेला नव्हता, तेव्हा, १८०९ साली, विल्यम लँब या इंग्रज डॉक्टराने गाठी आणि चिघळलेले कर्कव्रण असलेल्या रुग्णांना पथ्यावर ठेवून त्याचा अहवाल छापला. पथ्य साधं होतं: मांस बंद, आहार वनस्पतींचा आणि पाणी ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेलं. लँब स्वतः शाकाहारी होता आणि त्याची त्यावर श्रद्धा होती. मांसामुळेच रोग होतो हे दाखवायला लागणारी तुलना त्याच्याकडे नव्हती. त्या काळी ती कोणाकडेच नव्हती.

पुढची शंभर वर्षं हा विचार वैद्यकापेक्षा धर्माच्या आणि संयमाच्या भाषेत जास्त बोलला गेला. अमेरिकेत सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथाच्या एलन व्हाइट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांसाहार आणि कर्करोग यांचा संबंध ठामपणे लिहून ठेवला. पुढे याच पंथाचे अनुयायी संशोधनाचा विषय झाले. ते धूम्रपान करत नाहीत, दारू पीत नाहीत आणि त्यांच्यातले बरेच जण मांस खात नाहीत. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा इथल्या संशोधकांनी १९५८पासून त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. श्रद्धेतून निघालेलं विधान अशा रीतीने तपासणीच्या टेबलावर आलं.

आरोपाला आकड्यांचं बळ मिळालं ते देशादेशांच्या तुलनेतून. १९७५ साली ब्रूस आर्मस्ट्राँग आणि रिचर्ड डॉल यांनी अनेक देशांतला आहार आणि कर्करोगाचं प्रमाण शेजारी शेजारी मांडलं. ज्या देशात दरडोई मांस जास्त, तिथे मोठ्या आतड्याचा कर्करोग जास्त, हे त्यात स्पष्ट दिसत होतं. जपानमधून हवाईला गेलेल्या कुटुंबांत हाच कर्करोग वाढलेला दिसला, म्हणजे कारण वंशात नसून राहणीत आहे हेही उघड झालं. पण भरपूर मांस खाणारा देश बहुधा श्रीमंत असतो. तिथली माणसं कमी चालतात, जास्त जगतात, त्यांच्या ताटात कोंडा कमी असतो. पूर्वी युगांडात शस्त्रक्रिया करणारे डेनिस बर्किट याच काळात सांगत होते की खरा फरक चोथ्याचा, म्हणजे तंतुमय आहाराचा आहे. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचं नातं सिद्ध करणाऱ्यांपैकी एक असलेल्या डॉल यांना अशा तुलनेच्या मर्यादा पक्क्या ठाऊक होत्या. त्यांनी आणि रिचर्ड पीटो यांनी १९८१ साली अमेरिकेतल्या कर्करोगाच्या मृत्यूंपैकी सुमारे ३५ टक्के आहाराशी जोडले, पण हा आकडा १० ते ७०च्या दरम्यान कुठेही असू शकतो असंही तिथेच लिहिलं. लोकांच्या लक्षात पस्तीस राहिले आणि दहा ते सत्तर मागे पडलं.

प्रयोगशाळेत मात्र वेगळाच धागा उलगडत होता, आणि या सगळ्या कहाणीत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच. खरं तर धागे दोन. पहिला आगीचा. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३९ साली भाजलेल्या घोड्याच्या मांसाचा अर्क उंदरांच्या अंगाला लावला आणि त्यात कर्करोगकारक द्रव्य असल्याचं सांगितलं. १९७७च्या सुमारास तोक्योत ताकाशी सुगिमुरा यांनी घरात मासा भाजताना निघणारा धूर पाहून तोच प्रश्न नव्याने विचारला. करपलेल्या पृष्ठभागावर जनुकांत बदल घडवणारी रसायनं त्यांना सापडली. पण ती मासा भाजल्यावर होतात तशी कोंबडी भाजल्यावरही होतात. मग संशय बकऱ्या-गुरांच्या मांसावरच का, याचं उत्तर आगीतून मिळत नव्हतं.

दुसरा धागा नायट्रोसो संयुगांचा. १९५६ साली इंग्लंडमध्ये पीटर मगी आणि जॉन बार्न्स यांनी डायमिथिलनायट्रोसमीन हे रसायन उंदरांना खायला घातलं आणि त्यांच्या यकृतात गाठी झाल्या. हे रसायन कारखान्यांत द्रावक म्हणून वापरलं जात होतं, जेवणाशी त्याचा काही संबंध आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. १९६०च्या दशकात नॉर्वेत यकृत बिघडून जनावरं मरू लागली. त्यांच्या खाद्यात हेरिंग माशांची भुकटी होती, ती टिकावी म्हणून नायट्राइट घातलेलं होतं, आणि त्या नायट्राइटची माशातल्या अमाइनांशी क्रिया होऊन नेमकं तेच विष तयार झालं होतं. बेकन, हॅम, सॉसेजमध्येही नायट्राइटच घालतात. त्याने मांसाचा गुलाबी रंग टिकतो आणि बोट्युलिझमचे जंतू वाढत नाहीत. नायट्राइट वगळावं तर विषबाधेची भीती, घालावं तर नायट्रोसमीनची. म्हणून पुढे बेकनमध्ये क जीवनसत्त्वाच्या जातीचं द्रव्य मिसळू लागले, ते ही क्रिया रोखतं.

मग साध्या मटणाचं काय, ज्यात बाहेरून नायट्राइट घातलेलंच नाही? या प्रश्नाचा पाठपुरावा केंब्रिजच्या शीला बिंगहॅम यांनी केला. त्यांनी स्वयंसेवकांना मोजूनमापून जेवण दिलं आणि त्यांच्या विष्ठेतली नायट्रोसो संयुगं मोजली. लाल मांस भरपूर दिलं की ती वाढत, पांढरं मांस आणि मासे दिले की तशी वाढत नसत. २००३ साली त्यांच्या गटाने दाखवलं की याला जबाबदार प्रथिन नाही आणि नुसतं लोहही नाही. जबाबदार आहे हीम, म्हणजे मांसाला तांबडेपणा देणारं लोहयुक्त द्रव्य. २०२१ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ९०० रुग्णांच्या गाठींतला डीएनए तपासला गेला. ज्यांनी आजारापूर्वी लाल मांस जास्त खाल्लं होतं, त्यांच्या गाठींत अशा संयुगांनी उमटावी तशी विशिष्ट इजेची खूण जास्त आढळली. मगी-बार्न्स यांच्या उंदरांपासून इथवर यायला पासष्ट वर्षं लागली.

म्हणजे आरोप निराधार नाही. प्रश्न उरतो किती, हा.

हार्वर्डचे वॉल्टर विलेट यांनी १९९० साली ८८,७५१ परिचारिकांच्या आहाराची माहिती वापरून लिहिलं, की रोज लाल मांसाचा मुख्य पदार्थ खाणाऱ्यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका महिन्यातून एकदाही न खाणाऱ्यांच्या जवळपास अडीच पट आहे. त्या वेळी रुग्ण होते १५०. पुढे लाखो लोकांचे अभ्यास झाले आणि अंदाज खाली आला. २०१५च्या ऑक्टोबरमध्ये फ्रान्समधल्या लियाँ इथे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १० देशांतल्या २२ तज्ज्ञांना बसवून ८००हून अधिक अभ्यास तपासले. प्रक्रिया केलेलं मांस त्यांनी ‘कर्करोगकारक’ अशा पहिल्या गटात घातलं, तर लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा २-अ गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेल्या मांसामागे धोका १८ टक्क्यांनी वाढतो, हा आकडा जगभर गेला.

सिगारेट आणि अॅस्बेस्टॉसही पहिल्याच गटात असल्याने मथळे झाले, बेकन सिगारेटइतकंच घातक. हे साफ चूक होतं. तो गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार सांगत नाही. याच संस्थेने उद्धृत केलेले अंदाज पाहा: जगात वर्षाला प्रक्रिया केलेल्या मांसामुळे कर्करोगाचे सुमारे ३४ हजार मृत्यू, तंबाखूमुळे सुमारे १० लाख. आणि १८ टक्के कशावर? ब्रिटनमध्ये प्रक्रिया केलेलं मांस सर्वांत कमी खाणाऱ्या हजार जणांत आयुष्यभरात आतड्याचा कर्करोग सुमारे ५६ जणांना होतो, सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांत सुमारे ६६ जणांना. हा दहा जणांचा फरक क्षुल्लक नाही. पण टक्क्याच्या मागचे हे छप्पन्न बातमीतून गळले, आणि घराघरांत पोचली ती नुसती भीती.

२०१९ साली ब्रॅडली जॉन्स्टन यांच्या गटाने उलट टोक गाठलं. पुरावा कमी खात्रीचा आहे, तेव्हा लोकांनी खातात तेवढं मांस खात राहावं, असं त्यांनी सुचवलं. हार्वर्डच्या संशोधकांनी कडाडून विरोध केला. मला जॉन्स्टन यांची शिफारस पटत नाही. हीमची यंत्रणा इतकी उलगडलेली असताना नुसत्या प्रश्नावल्यांच्या त्रुटीवर बोट ठेवून मोकळं होता येत नाही. तसंच, हा शाकाहाराचा विजयही नव्हे. ऑक्सफर्डच्या २००९च्या एका अभ्यासात ब्रिटिश शाकाहारींना आतड्याचा कर्करोग मांसाहारींपेक्षा कमी नव्हे, जास्तच आढळला होता.

आपल्याकडे या गणिताची मांडणीच वेगळी आहे. लियाँच्या व्याख्येत बकऱ्याचं मटण लाल मांसातच येतं. गोव्याचं चोरीस मीठ आणि व्हिनेगर लावून मुरवलेलं, म्हणून ते प्रक्रिया केलेल्या मांसात. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला आठवड्याला शिजवलेलं ५०० ग्रॅमपर्यंत लाल मांस चालेल असा आहे, कच्चं धरलं तर सातशेच्या आसपास. रविवारी माणशी पाव किलो मटण शिजणारं घर या मर्यादेच्या बरंच आत राहतं. सकाळी सॉसेज आणि संध्याकाळी सलामी खाणारं घर मात्र राहत नाही. मुंबईत १९६३पासून कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदवही ठेवली जाते. तिथे पुरुषांत तोंडाचा कर्करोग अगदी वरच्या क्रमांकांत येतो, आणि त्याचं मुख्य कारण तंबाखू आणि सुपारी आहे. दोन्ही पहिल्या गटातच आहेत. मिशेरी लावणाऱ्या, गुटख्याची पुडी खिशात ठेवणाऱ्या माणसाला घरचे मटणावरून बोलतात तेव्हा मला राग येतो, कारण त्या घराने धोक्याचा क्रमच उलटा लावलेला असतो.

त्याहून वाईट म्हणजे निदान झाल्यावर रुग्णाला ऐकवलं जाणारं, ‘तू खात होतास ना, म्हणून झालं.’ हजारांत छप्पन्न आणि सहासष्ट यांतल्या फरकावरून समोरच्या एका माणसाची गाठ कशाने झाली ते सांगता येत नाही, विलेटनाही नाही आणि बिंगहॅमनाही नाही. आणि उपचार चालू असताना शरीराला प्रथिनं जास्त लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत भीतीपोटी घरातली अंडी, मासे, कोंबडीही बंद होतात, वजन उतरतं, आणि ज्यांच्याविरुद्ध या दोनशे वर्षांत कोणी लाल मांसाविरुद्ध आहे तसा पुरावा दिलेला नाही असे पदार्थ रुग्णाच्या ताटातून काढले जातात.