मुख्याध्यापक कुणाकडे तोंड करून बसतो?

परवा अंबड तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत गेलो होतो. अर्ध्या तासात मुख्याध्यापकांना तीन फोन आले. तिन्ही वेळा एकच उत्तर, "हो साहेब, लगेच माहिती भरतो." तिकडे चौथीचा वर्ग बिनगुरुजीचा. सर माणूस वाईट नाहीत हो. पण त्या खुर्चीची सवयच तशी पडलीय आणि ती आजची नाही.

निजामाच्या राज्यात आपलं जालना औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूर परभणी जिल्ह्यात होतं. माध्यमिक शिक्षण उर्दूतून व्हायचं, खासगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागायची. अशा ठिकाणी मुख्याध्यापकाची नजर वरच्या अंमलदाराकडेच राहणार. गावाकडे बघून त्याला काय मिळणार होतं?

त्याच राज्यात 1921 साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा निघाली. तिथे पुढे मुख्याध्यापक झाले व्यंकटेश खेडगीकर. कामगार चळवळीत ना. म. जोशींचे सहायक राहिलेला हा माणूस. 1932 साली त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. आपण त्यांना मुक्तिसंग्रामाचे नेते म्हणून ओळखतो, पण आधी ते हेडमास्तर होते हे विसरतो. तिथले शिक्षक तुटपुंज्या मानधनावर मुलांसोबत राहायचे. जिथे मास्तर मुलांच्याच पंगतीला जेवतो, तिथे मुख्याध्यापकाला हुकूम सोडून भागत नाही, स्वतः आधी करून दाखवावं लागतं.

श्रेय एकट्या स्वामीजींचं नव्हतं, असं मला वाटतं. 1935 च्या सुमारास ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत गेले, सोबत बाबासाहेब परांजप्यांसारखे सहकारी होते. म्हणजे नुसता माणूस नाही गेला, रीतही गेली. 1938 मध्ये स्वामीजी सत्याग्रहात उतरले. योगेश्वरी संस्था आजही उभी आहे.

स्वातंत्र्यानंतर रीत बदलायला हवी होती. 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, गावच्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. साहेबाची भाषा मराठी झाली, पण नजर वरच राहिली. खासगी अनुदानित शाळेत ती संस्थाचालकाकडे वळली, एवढाच फरक. (संस्थाचालकाच्या घरचं लग्न असलं की शाळेत किती मास्तर उरतात, ते तुम्हीच मोजा.)

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, मुख्याध्यापक सचिव. कागदावर तरी खुर्ची गावाकडे वळली. प्रत्यक्षात आमच्याकडे सह्या घरपोच होतात. वही येते, आपण अंगठा नाहीतर सही ठोकतो, चहा पिऊन वही परत जाते. मीही दोनदा अशी सही केलीय, न वाचता.

पुढच्या बैठकीला शाळेतच जाणार आहे. चौथीच्या वर्गावर कोण असतं, एवढंच विचारायचंय. आपल्या गावची बैठक शेवटची कधी आणि कुठे झाली, कमेंटमध्ये लिहा.